संदेश-लाघव : वितरित संगणनातील एका दाव्याची चिकित्सा

वितरित समांतर संगणनावर गेल्या दोन दशकांत जे विपुल लेखन झाले, त्यात एक दावा पुनःपुन्हा आढळतो. तो असा की, अमुक पद्धतीने संदेशांची वाहतूक इतक्या पटींनी घटली. आकडा दिला जातो, स्तंभालेख काढला जातो आणि वाचकाने तेवढ्यावरून त्या पद्धतीची श्रेष्ठता मान्य करावी अशी अपेक्षा असते. प्रस्तुत लेखात कोणतीही नवी पद्धत सुचवावयाची नसून या दाव्याचीच चिकित्सा करावयाची आहे.

लाघव हा आपल्या शास्त्रपरंपरेत गुण मानला गेला आहे. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणास होणारा आनंद प्रसिद्धच आहे. परंतु त्याच परंपरेतील नैयायिकांनी लाघवाचे शरीरकृत, उपस्थितिकृत आणि संबंधकृत असे भेद केले, आणि एका ठिकाणी लाघव साधताना दुसऱ्या ठिकाणी गौरव पत्करावे लागते काय, हेही तपासले. संदेश-लाघवाचा दावा करणाऱ्या लेखनात असा विवेक क्वचितच दिसतो. कोणते लाघव, कोणाच्या ठिकाणी, आणि कोणत्या गौरवाच्या मोबदल्यात, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून घटीचा आकडा निरर्थक नसला तरी अपुरा राहतो, एवढेच आमचे प्रतिपाद्य आहे.

१

प्रथम ‘संदेश’ या शब्दाचाच विचार करू. २०१० साली मालेविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी गूगलमधील ‘प्रेगेल’ या प्रणालीचे वर्णन प्रसिद्ध केले. कोनिग्सबर्गच्या सात पुलांखालून वाहणाऱ्या नदीचे नाव तिला दिले आहे. ऑयलरच्या ज्या प्रश्नातून आलेख-सिद्धांताचा उगम झाला, त्याचे हे स्मरण होय. या प्रणालीत आलेखाचा प्रत्येक शिरोबिंदू आपल्याकडे आलेले संदेश वाचतो, आपले मूल्य बदलतो आणि कडांवरून पुढे संदेश धाडतो. अशी एक फेरी म्हणजे एक सुपरस्टेप. सर्व यंत्रांची फेरी पुरी झाल्याखेरीज पुढची सुरू होत नाही.

आता या रचनेत शिरोबिंदूने धाडलेला संदेश आणि जाळ्यावरून प्रत्यक्ष जाणारा संदेश या दोन वस्तू भिन्न आहेत. प्रेगेल दूरच्या यंत्राकडे जाणारे संदेश साठवून ठेवते आणि पुरेसा साठा झाला की एकत्र बांधून पाठविते. म्हणजे तार्किक संदेश लक्षावधी असले तरी जाळ्यावरच्या खेपा थोड्याच असतात. असे असता एखादा लेखक जेव्हा संदेश निम्म्यावर आल्याचे सांगतो, तेव्हा तार्किक संदेश घटले, खेपा घटल्या, की वाहून नेलेले बाइट घटले, हे त्याने स्पष्ट करावयास हवे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. उदाहरणादाखल असे गृहीत धरू की, प्रत्येक खेपेमागे १० मायक्रोसेकंदांचा स्थिर विलंब लागतो आणि त्याखेरीज प्रत्येक बाइटमागे १ नॅनोसेकंद लागतो. १०० बाइटांचे १,००० संदेश एकापाठोपाठ स्वतंत्रपणे पाठविल्यास एकूण १०.१ मिलिसेकंद लागतील. तोच मजकूर एकत्र बांधून १ लाख बाइटांची एकच खेप केल्यास ०.११ मिलिसेकंद पुरतील. येथे एकही बाइट कमी झालेला नाही, तरी वेळ सुमारे ९२ पटींनी घटला. उलटपक्षी, प्रत्येक संदेश मुळातच १ कोटी बाइटांचा असेल, तर त्याला १० मिलिसेकंद लागतात आणि त्यात स्थिर विलंबाचा वाटा केवळ हजारावा असतो. अशा वेळी खेपा कितीही एकत्र बांधल्या तरी हाती काही लागत नाही. बाइटच कमी करावे लागतात. तेव्हा खेपांचे लाघव आणि भाराचे लाघव ही दोन स्वतंत्र लाघवे आहेत. तिसरे लाघव फेऱ्यांचे. त्याचा विचार पुढे येईल.

हे प्रश्न आजच उद्‌भवले आहेत असेही नव्हे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हे यंत्र सिद्ध केले. ते ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांचे, प्रत्येकाची स्मृती वेगळी असलेले यंत्र होते. अशा प्रोसेसरास चार दुवे असत. एका वेळी तो चारच शेजाऱ्यांशी थेट बोलू शके. इतरांशी बोलावयाचे तर मधल्यांची मध्यस्थी लागे. अशा यंत्रावर काम करणाऱ्यास किती संदेश, एवढेच विचारून भागत नसे. किती मोठे आणि किती दूर, हेही विचारावे लागे. पुढच्या प्रणालींनी हे सर्व प्रोग्रामकर्त्याच्या दृष्टीआड केले. ती सोय खरीच. परंतु जे दृष्टीआड झाले ते नाहीसे झाले, असा समज मात्र त्यातून पसरला.

२

संदेश-लाघवाचे सर्वांत परिचित साधन म्हणजे कंबायनर, अर्थात संयोजक. डीन आणि घेमावत यांनी २००४ साली मांडलेल्या ‘मॅपरिड्यूस’मध्ये त्याचे प्रयोजन शब्दगणनेच्या उदाहरणाने दाखविले आहे. इंग्रजी मजकुरात काही थोडे शब्द अतोनात वेळा येतात. प्रत्येक वेळी ‘हा शब्द, संख्या एक’ अशी नोंद जाळ्यावरून धाडण्यापेक्षा त्या यंत्रावरच बेरीज करून एकच नोंद धाडणे उघडच शहाणपणाचे आहे. प्रेगेलनेही हे साधन घेतले. एका उगमापासून लघुतम मार्ग काढण्याच्या प्रश्नात संयोजकामुळे वाहतूक चौपटीहून अधिक घटल्याचे तिच्या लेखकांनी नमूद केले आहे.

या मूळ लेखकांचा सावधपणा येथे मुद्दाम सांगितला पाहिजे. संयोजक प्रेगेलमध्ये आपोआप लागू होत नाही. ज्यास हवा त्याने तो योजावयाचा. कारण तो योग्य आहे की नाही हे प्रणालीला कळू शकत नाही. शिवाय पाठविणाऱ्या बाजूस केलेले संयोजन जाळ्यावरचा भार हलका करते, तर घेणाऱ्या बाजूस केलेले संयोजन फक्त साठवणीची जागा वाचविते, हा फरकही त्यांनी सांगितला आहे. नंतरच्या अनेक लेखांत हा फरक लुप्त झालेला दिसतो आणि दोन्ही घटी एकाच आकड्यात मिळविल्या जातात.

संयोजकाची अट अशी की, क्रिया क्रमनिरपेक्ष असावी आणि तिला साहचर्याचा नियम लागू असावा. ही अट पाठ्यपुस्तकी वाटते. पण तिचे उल्लंघन सहज घडते. एका यंत्रावर २, ४, ६ आणि दुसऱ्यावर १० ही मूल्ये आहेत असे समजू. प्रत्येक यंत्राने आपली सरासरी काढून धाडली, तर ४ आणि १० येतात आणि त्यांची सरासरी ७ होते. खरी सरासरी ५.५ आहे. संदेश चारांचे दोन झाले. उत्तर मात्र चुकले. उपाय सोपा आहे : सरासरी न धाडता बेरीज आणि संख्या यांची जोडी धाडावी. परंतु त्यामुळे प्रत्येक संदेश दुप्पट मोठा झाला हे विसरता कामा नये. मध्यकाच्या बाबतीत तर एवढीही सोय नाही. अचूक मध्यक हवा असेल तर काही थोड्या आकड्यांत सामग्रीचे सार बसविता येत नाही. अपूर्णांकांच्या बेरजेतही एक खाच आहे. संगणकावरील दशांशचिन्हांकित बेरजेला साहचर्याचा नियम काटेकोरपणे लागू होत नाही. एकत्रीकरणाचा क्रम बदलला की उत्तराचे शेवटचे अंक बदलू शकतात. संयोजकाने वाचविलेल्या वाहतुकीसाठी कधी कधी उत्तराची पुनरावृत्तिक्षमता द्यावी लागते, ती अशी.

३

आता दुसरा प्रश्न : लाघव कोणाच्या ठिकाणी? आमच्या मते या वाङ्‌मयातील सर्वांत मोठी उणीव येथे आहे.

प्रेगेलची प्रेरणा लेस्ली व्हॅलियंट यांनी १९९० साली मांडलेल्या समूह-समकालिक प्रतिमानात आहे. त्या प्रतिमानात एका सुपरस्टेपचा खर्च तीन अंगांनी मोजला जातो : स्थानिक काम, संदेशांची देवघेव आणि सर्वांनी एकमेकांसाठी थांबणे. देवघेवीचा खर्च मोजताना व्हॅलियंट यांनी संदेशांची एकूण बेरीज घेतलेली नाही. कोणत्याही एका यंत्राला जास्तीत जास्त किती संदेश पाठवावे किंवा घ्यावे लागतात, ती संख्या घेतली आहे. हे स्वाभाविकच होय. सर्वांना सर्वांसाठी थांबावयाचे असेल तर पंगतीची वेळ सर्वांत सावकाश जेवणाऱ्यावर ठरते.

असे असूनही या प्रतिमानाचा वारसा सांगणारे लेख एकूण वाहतुकीचा आकडा देऊन थांबतात. एक साधा हिशेब पाहू. १० यंत्रे आहेत. त्यांपैकी नऊ यंत्रांस प्रत्येकी ५० संदेश घ्यावयाचे आहेत आणि दहाव्यास ५५०. एकूण १,०००. एखाद्या सुधारणेने पहिल्या नवांचा भार निम्मा केला, तर एकूण संख्या ७७५ वर येईल. वाहतूक साडेबावीस टक्क्यांनी घटली असे लेखक म्हणू शकेल आणि ते खोटे ठरणार नाही. परंतु दहावे यंत्र पूर्वीइतकेच भारलेले आहे. फेरीचा वेळ त्यामुळे जवळजवळ बदलणार नाही.

हा हिशेब कृत्रिम म्हणून सोडून देता येत नाही, कारण निसर्गतः आढळणारे आलेख असेच विषम असतात. गोन्झालेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘पॉवरग्राफ’ची मांडणी करताना दाखविले की, ट्विटरच्या आलेखात एक टक्का शिरोबिंदू जवळजवळ निम्म्या कडांना स्पर्श करतात. त्यांनीच दिलेला दुसरा हिशेब याहून बोलका आहे. शिरोबिंदू यंत्रांवर यदृच्छेने वाटले, तर एखादी कड एकाच यंत्रात राहण्याची शक्यता यंत्रांच्या संख्येने एकास भागल्याइतकी असते. १०० यंत्रांवर सरासरी ९९ टक्के कडा तुटतात. ही वाटणी अपवादात्मक नव्हे. प्रेगेलची रूढ वाटणी हॅश पद्धतीचीच आहे. तेव्हा ज्या लेखात मूळ वाहतूक या वाटणीवर मोजलेली असते, त्यातील घट कितपत सुधारणेची आणि कितपत प्रारंभीच्या वाईट वाटणीची, हा प्रश्न वाचकाने विचारलाच पाहिजे.

विषमतेचा विचार करू लागले की संयोजकाची मर्यादाही ध्यानात येते. एका मोठ्या शिरोबिंदूकडे १ लाख संदेश येत असतील आणि यंत्रे १०० असतील, तर पूर्ण संयोजन झाल्यास बाहेरून फक्त ९९ संदेश येतात. परंतु त्याच शिरोबिंदूने १ लाख शेजाऱ्यांना संदेश धाडावयाचे असतील, तर त्यांचे पत्ते वेगवेगळे असल्यामुळे संयोजकास काहीच करता येत नाही. यावर उतारा म्हणजे प्रतिबिंब. मोठ्या शिरोबिंदूची प्रत प्रत्येक यंत्रावर ठेवावी. मूल्य त्या प्रतीकडे एकदाच जावे आणि पुढचे वाटप जागच्या जागी व्हावे. यान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली संदेश कमी करण्यावर आणि भार समतोल करण्यावर जो निबंध लिहिला, त्याचे विशेष महत्त्व आम्हांस वाटते ते यासाठी की, संयोजन आणि प्रतिबिंब ही दोन साधने परस्परांच्या आड येतात हे त्यात ओळखले आहे. प्रतिबिंबाकडे जाणारे मूल्य स्वतंत्रपणेच सीमा ओलांडते. त्याच यंत्रावरून त्याच लक्ष्याकडे निघालेल्या इतर संदेशांत ते मिसळता येत नाही. म्हणून प्रतिबिंब मोठ्या शिरोबिंदूंपुरतेच ठेवावे आणि लहानांसाठी संयोजन वापरावे, असा त्यांचा निर्णय आहे. अनेक शिरोबिंदू एकाच शिरोबिंदूला त्याचे मूल्य विचारतात, तेव्हा यंत्रागणिक एकच विचारणा करावी, ही त्यांची दुसरी सूचनाही याच विवेकातून आलेली आहे. निबंधाच्या शीर्षकात संदेश-लाघव आणि भारसमतोल हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत, ही गोष्ट सहेतुक मानावयास हरकत नाही.

४

तिसरे लाघव फेऱ्यांचे. १,००० शिरोबिंदूंची एक सरळ साखळी घ्या. तिच्या एका टोकाचे लहान मूल्य दुसऱ्या टोकास पोहोचवावयाचे आहे. शिरोबिंदू-केंद्रित पद्धतीत एका फेरीत ते एकच पाऊल पुढे सरकते. ९९९ पावले लागतात आणि प्रत्येक पावलास सर्व यंत्रे थांबतात. तीच साखळी १०० शिरोबिंदूंच्या सलग तुकड्यांनी १० यंत्रांवर ठेवली आणि तुकड्याच्या आत मूल्य मुक्तपणे फिरू दिले, तर सीमा फक्त ९ वेळा ओलांडावी लागते. २०१३ साली ‘जिराफ++’च्या कर्त्यांनी शिरोबिंदूसारखा विचार न करता आलेखासारखा विचार करा, असे जे सांगितले त्याचे मर्म हेच. मात्र हीच साखळी यदृच्छेने विखुरली तर तुकड्याच्या आत फिरावयास वाटच उरत नाही आणि सारा लाभ जातो. म्हणजे श्रेय पद्धतीइतकेच वाटणीचे आहे; आणि चांगली वाटणी शोधण्यास लागलेला वेळ हिशेबात धरला नाही तर तुलना एकांगी होते.

येथून मोबदल्याच्या प्रश्नाकडे वळू. प्रतिबिंबासाठी स्मृती खर्च होते आणि मूल्य बदलले की सर्व प्रती अद्ययावत कराव्या लागतात. फेऱ्या कमी करण्यासाठी स्थानिक काम वाढते. संदेश आखूड करण्यासाठी अचूकता द्यावी लागते. यंत्र-अध्ययनात २०१४ साली ३२ बिटांच्या मूल्याऐवजी १ बिट धाडण्याची जी पद्धत मांडली गेली, तिच्या कर्त्यांनी हा खर्च लपविला नाही. प्रत्येक वेळी होणारी चूक जवळ ठेवून ती पुढच्या खेपेच्या मूल्यात मिळविणे, हा त्यांच्या पद्धतीचा प्राणच आहे. उधारीची नोंद ठेवली म्हणूनच ती पद्धत टिकली.

मोबदला नेमका किती असावा याचे उत्तम उदाहरण मॅट्रिक्सच्या गुणाकारात मिळते. हाँग आणि कुंग यांनी १९८१ मध्ये एका यंत्रातील देवघेवीची किमान मर्यादा सिद्ध केली. आयरनी, टोलेडो आणि टिस्किन यांनी २००४ मध्ये तो विचार वितरित यंत्रांपर्यंत नेला. रूढ गुणाकारपद्धतीत प्रोसेसराला करावी लागणारी देवघेव त्याच्या स्मृतीच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते. स्मृती चौपट केली तर मर्यादा निम्म्यावर येते. २०११ मध्ये सोलोमोनिक आणि डेमेल यांनी सामग्रीच्या अधिक प्रती ठेवून ही देवाणघेवाण प्रत्यक्षात उतरवून दाखविली. येथे टीकाकाराच्या हाती कसोटी आहे : यापेक्षा कमी होणे शक्य नाही, आणि तुम्ही त्याच्या इतके जवळ आहात. आलेखांच्या विषम प्रश्नांत इतकी स्वच्छ कसोटी सहसा लाभत नाही. म्हणूनच तेथे लेखकाने हिशेब अधिक काटेकोरपणे द्यावयास हवा. प्रत्यक्षात तो अधिक सैलपणे दिला जातो.

५

एक आक्षेप येथे संभवतो. वेळ हा यंत्रावर, जाळ्यावर आणि त्या दिवशीच्या गर्दीवर अवलंबून असतो; संदेशांची संख्या मात्र सर्वत्र सारखी येते. मग शास्त्रीय तुलनेसाठी संख्याच योग्य नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे आणि वेळेचेच माप घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु प्रत्येक फेरीत सर्वाधिक भारलेल्या यंत्राचे संदेश, त्यांचे बाइट, आणि फेऱ्यांची संख्या हीदेखील जाळ्याच्या वेगावर अवलंबून नसलेली मापे आहेत. यंत्रनिरपेक्षतेसाठी एकूण बेरजेचाच आश्रय करावा लागतो, असे नाही.

दुसरे असे की, घट कशाच्या तुलनेत, हा प्रश्न शेवटी सुटत नाही. मॅक्शेरी, आयसार्ड आणि मरे यांनी २०१५ साली तो अत्यंत रोखठोकपणे विचारला. सुमारे १४७ कोटी कडांच्या ट्विटर-आलेखावर पेजरँकच्या २० फेऱ्या त्यांनी एका लॅपटॉपवर, एकाच धाग्यात ३०० सेकंदांत केल्या. १२८ कोअर वापरणाऱ्या ज्या प्रणालींशी त्यांनी तुलना केली त्यांचे प्रसिद्ध आकडे २४९ पासून ८५७ सेकंदांपर्यंत होते. जेथे दुसरे यंत्रच नाही तेथे जाळ्यावरचा संदेशही नाही. संदेश-लाघवाची ही पराकाष्ठा होय. यावरून वितरित संगणन व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. एका यंत्रात न मावणारी सामग्री असते, आणि यंत्र बंद पडले तरी काम चालू ठेवण्याची गरजही असते. परंतु स्वतःच निर्माण केलेली वाहतूक स्वतःच घटविली, तर त्यास केवढी प्रगती म्हणावे, हा विचार त्या निबंधाने अटळ केला. त्याच कर्त्यांनी कडांचा क्रम बदलून एका यंत्रावरील वेळ आणखी कमी केला, हेही लक्षणीय आहे. स्मृती आणि प्रोसेसर यांच्यामधील ये-जा हीसुद्धा देवघेवच. हाँग आणि कुंग यांचा मूळ विचार तोच होता.

या विवेचनाचा व्यवहारातील अर्थ प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी साधा आहे. संदेश घटले असे लिहिताना तार्किक संदेश, खेपा आणि बाइट यांपैकी काय घटले ते सांगावे. एकूण बेरजेबरोबर सर्वाधिक भारलेल्या यंत्राचा आकडा द्यावा. प्रारंभीची वाटणी कोणती होती आणि ती करण्यास काय लागले, हे लिहावे. स्मृती, काम, अचूकता यांपैकी काय दिले, ते झाकून ठेवू नये. आणि शक्य तेथे हेच काम एका यंत्रावर किती वेळात होते, तेही करून पाहावे. यांतील एकही गोष्ट अवघड नाही. मात्र ती केल्यावर पुष्कळदा घटीचा आकडा लहान होतो. तो लहान झाला तरी संशोधन लहान होत नाही. उलट पुढच्या अभ्यासकाला त्यावर विसंबून चार पावले पुढे टाकता येतात, आणि विद्यापीठातील संशोधनाकडून तेवढी अपेक्षा करणे वावगे ठरू नये.